ग्रेन आडवा होता, आणि ते दोघांना ठाऊक होतं

चौदाशे कॅटलॉग बांधून, कापून, गठ्ठे करून तयार होते. मी वरचा एक उचलून उघडला. हात काढला तसा तो मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. पानं लाकडाच्या पातळ पट्टीसारखी ताठ होती आणि पाठीपाशी, जिथं ग्लू लागतो तिथं, कागदाला लाटा आल्या होत्या.

छापखान्यातल्या कोणालाही हे बघून पोटात गोळा येतो. कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतेक करून एकाच दिशेनं झोपतात, त्याला आम्ही ग्रेन म्हणतो. पुस्तकात ग्रेन पाठीला समांतर हवा. आडवा गेला की पान वळायला तयार होत नाही. शिवाय ओल लागल्यावर तंतू रुंदीत फुगतात, लांबीत फारसे नाहीत. त्यामुळे ग्लूची ओल लागलेली पाठ लाटांसारखी वर-खाली होते. यावर नंतर इलाज नाही. पुन्हा छापायचं.

चूक माझी होती. एका शीटमध्ये जास्त पानं बसवून कागद वाचवायचा म्हणून मीच मांडणी फिरवली होती आणि जॉब कार्डावर सहीही माझीच होती. इथपर्यंत ठीक, धंद्यात चुका होतात. पण संध्याकाळी बाइंडरकाका शांतपणे म्हणाले, "मला पहिली घडी मारतानाच कळलं होतं, ताई."

"मग बोलला का नाहीत?"

"कार्डावर तुमची सही होती."

दुसऱ्या दिवशी मशीनमनला विचारलं. त्यालाही कळलं होतं. रीम फोडून शीट हातात घेतली की कळतंच, म्हणाला. वीस वर्षं कागद हाताळलेली दोन माणसं चौदाशे प्रती वाया जाताना बघत होती, आणि दोघांच्या मते त्यांनी आपलं काम नीट केलं होतं. खरं तर केलंच होतं. कार्डावर जे होतं तेच त्यांनी केलं.

तोवर माझी समजूत अशी की माझ्याकडे चांगली माणसं आहेत, म्हणजे चांगली टीम आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला त्या आठवड्यात कळलं. पुढची तीन वर्षं मी जे काही केलं ते तिथून सुरू झालं, आणि त्यातलं पहिलं वर्ष जवळजवळ पूर्ण चुकीच्या दिशेनं गेलं.

मागचं थोडं सांगायला हवं. सुरुवातीला आम्ही माझ्यासकट चौघं होतो, एकाच खोलीत. फोनवर ग्राहकाशी मी काय बोलते ते मशीनपाशी ऐकू जायचं. घाईचं काम आलंय, निळा रंग गडद हवाय, पैसे अजून आलेले नाहीत, हे कोणाला सांगावं लागत नसे. चौघांत दोघादोघांच्या जोड्या होतात सहा. काम वाढलं, जागा वाढली, डिझाइनिंगची खोली वेगळी झाली, आणि आम्ही अकरा झालो. अकरांत जोड्या होतात पंचावन्न. माणसं तिपटीच्याही आत वाढली, पण बातमी ज्या वाटांनी फिरायची त्या नऊपट झाल्या. हा हिशेब तेव्हा मी मांडला नव्हता. "हल्ली कोणी लक्षच देत नाही" एवढंच म्हणत होते.

कॅटलॉगनंतर मी जे केलं ते बहुतेक मालक करतात: तपासणी वाढवली. प्रूफवर तीन सह्या. डिझायनरची, ऑफिसातल्या मुलीची, शेवटी माझी. तीन चाळण्यांतून चूक सुटणार कशी?

दोन महिन्यांत सुटली. एका दवाखान्याच्या फाइलवर फोन नंबरातला एक आकडा बदलला होता, आणि तिन्ही सह्या होत्या. डिझायनरला वाटलं, पुढे दोघी बघणारच आहेत. ऑफिसातल्या मुलीला वाटलं, डिझायनरनं मूळ कागदावरूनच टाइप केलंय, शिवाय ताई बघतील. आणि मी? माझ्यापुढे दोन सह्या असलेला कागद आला आणि मी तिसरी केली. नंबर मी वाचलाच नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते.

पुढे कधीतरी मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याच्या प्रयोगाबद्दल वाचलं. त्यानं माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. निष्कर्ष १९१३ मध्ये छापून आले. माणसं वाढतील तसा एकूण जोर वाढायचा, पण प्रत्येकाच्या वाट्याचा घटत जायचा. आठ जण मिळून ओढायचे तेव्हा दर माणशी जोर जवळजवळ निम्म्यावर यायचा. काही भाग ताळमेळाचा, सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही. पण पुढच्या संशोधकांनी दाखवलं की ताळमेळाचा प्रश्न बाजूला काढला तरी गळती उरतेच. आपल्याबरोबर बाकीचेही ओढताहेत, एवढं नुसतं वाटलं तरी हात सैल पडतो. माझ्या तीन सह्या म्हणजे तीन सैल हात होते.

मग सही एकच ठेवली. कार्डावर "तपासणारा" असा एक रकाना आणि त्यात एकच नाव. तपासायची पद्धत मात्र जुनीच आणली, माझ्या वडिलांच्या काळातल्या खिळेजुळणीच्या दिवसांतली: एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं प्रूफवर बोट ठेवून बघायचं. आकडे एकेक सुटे, आणि दुसऱ्यांदा उलटीकडून. वाचणारा कोणीही चालतो. जबाबदार मात्र बोट ठेवणारा. वेळ जास्त लागतो, मुलांना सुरुवातीला हसू येतं, पण त्यानंतर फोन नंबर चुकलेला नाही. (नाव चुकलं. एकदा. ग्राहकानं स्वतःच चुकीचं लिहून दिलं होतं, त्यामुळे ते मी धरत नाही.)

त्याच वर्षी दुसरी एक घोडचूक केली, ती जास्त महाग पडली. मला वाटलं, मी सगळीकडे पुरत नाही, मधला माणूस हवा. सगळ्यात चांगला कोण? मशीनमन. चार रंगांचं रजिस्टर, म्हणजे चारही रंग नेमके एकावर एक बसवणं, तो इतरांच्या निम्म्या वेळात जुळवायचा, मशीनच्या आवाजावरून रोलर कुठे धरतोय ते सांगायचा. त्याला सुपरवायझर केलं, पगार वाढवला.

सहा महिन्यांत माझा उत्तम मशीनमन गेला आणि हाती आला एक वैतागलेला सुपरवायझर. कोणी हळू काम करतंय असं दिसलं की त्याला बाजूला सारून तो स्वतः करायचा. हेल्पर पोरगा काही शिकेना, कारण शिकायची वेळ आली की हाच पाना हातात घ्यायचा. डिझाइनिंगवाल्यांना तो आवडेना आणि त्याला ते. रात्री नऊला तो मशीनपाशीच असायचा, आणि मी त्याला "माणसं सांभाळायला शिका" असं ऐकवायचे. म्हणजे ज्याला मशीन बोलतं करता येतं त्याला मी माणसांशी बोलायला लावलं, आणि जमलं नाही म्हणून तोंडही मीच सोडलं.

शेवटी एकदा त्यालाच विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" तो बराच वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मशीन."

परत पाठवणं सोपं नव्हतं. पद गेलं की माणसं मागे बोलतात. पगार मी कमी केला नाही. रंगाच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमचा, माझाही नाही, असं सगळ्यांसमोर सांगितलं. दिवसाचं वेळापत्रक लावायचं काम गेलं ऑफिसातल्या मुलीकडे. तिला मशीन चालवता येत नाही, पण कोणाचं काम कोणाच्या कामावाचून अडलंय हे तिला माझ्याआधी दिसतं. ती वयानं लहान म्हणून बाइंडरकाका पहिले काही दिवस तिच्याऐवजी मलाच विचारायचे. मी प्रत्येक वेळी "तिला विचारा" म्हणायचे. पाचव्या-सहाव्या वेळी माझ्या तोंडून उत्तरच निसटलं आणि तिनं माझ्याकडे असं काही बघितलं की पुन्हा ती चूक केली नाही.

पण हे सगळं कडेकडेचं. मूळ प्रश्न होता तिथंच होता: दिसत असून माणूस बोलत का नाही?

टोयोटाच्या कारखान्यात असेंब्ली लाइनच्या वर दोरी असते हे मी ऐकून होते. काही गडबड दिसली की कामगार ती ओढतो. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, आणि ठरल्या वेळात प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. एवढा मोठा कारखाना एका कामगाराच्या हातानं थांबू शकतो, मग माझं एक मशीन का नाही? एका सकाळी सगळ्यांना जमवून मी जाहीर केलं: कोणालाही काही खटकलं तर मशीन थांबवा. हेल्परलासुद्धा हा हक्क आहे. मला वाटलं, आता दिवसाला दहा वेळा थांबेल, काम कसं उरकणार?

तीन आठवडे कोणी थांबवलं नाही. एकदाही नाही.

चौथ्या आठवड्यात हेल्पर पोरानं थांबवलं. लाल रंग फिका येतोय, म्हणाला. मी आले, मशीनमन आला, मंजूर प्रूफ बाजूला धरलं. रंग बरोबर होता. पोरगा खिडकीच्या उन्हात शीट बघत होता आणि प्रूफ मंजूर झालं होतं ट्यूबलाइटखाली. गेली वीस मिनिटं, थोडी शाई आणि ओले झालेले तीसेक कागद. डिलिव्हरी त्याच संध्याकाळची होती. माझ्या जिभेवर जे आलं होतं ते मी इथे लिहीत नाही.

ते गिळलं याचं श्रेय मला नाही. मशीनमन मध्येच बोलला: "बरं झालं थांबवलंस. उजेड दोन ठिकाणी दोन तऱ्हेचा आहे, हे मला कधी सुचलं नाही." त्या आठवड्यात प्रूफ बघायची जागा आणि मशीनची जागा या दोन्ही ठिकाणी एकाच जातीचे दिवे लावले. आणि पुढच्या महिन्यात मशीन पाच वेळा थांबलं. पाचातली तीन थांबणी खरी निघाली, दोन फुकटची. सकाळच्या माझ्या भाषणानं काही झालं नव्हतं. सगळे बघत होते ते एवढंच, की पहिला थांबवणारा चुकला तर त्याचं काय होतं.

यानंतर वही आली. साधी रुळाची, मशीन आणि बाइंडिंग टेबल यांच्या मध्ये दोरीला बांधलेली. काय बिघडलं, कुठल्या कामात, कधी लक्षात आलं. सुरुवातीला चौथा रकाना होता: कोणाची चूक. पहिल्या महिन्यात वहीत चार नोंदी, चारही मशीनच्या नावावर. मशीन बिचारं भांडत नाही. तो रकाना मी पट्टी मारून खोडला आणि तिथं लिहिलं "कुठे पकडता आलं असतं". त्या दिवशी कॅटलॉगची नोंद मी स्वतः मागच्या तारखेनं केली आणि खाली माझं नाव घातलं, रकाना नसताना.

पुढच्या महिन्यात नोंदी एकवीस. मी हादरले. एवढ्या चुका? सुधारणा चाललीय की घसरण? एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेचं काम मला तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं. १९९० च्या दशकात ती रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होती. चांगल्या टीमच्या विभागांत चुका कमी सापडतील अशी तिची अटकळ, आणि आकडे नेमके उलटे आले: चांगल्या टीमकडे चुकांची नोंद जास्त. तिनं खोलात जाऊन पाहिलं तेव्हा असं दिसलं की तिथली माणसं चुका जास्त करत होती असं नाही, ती बोलून दाखवत होती. आमच्याही वहीत एकवीस चुका नव्यानं झालेल्या नव्हत्या. आधी त्या रद्दीच्या पोत्यात जायच्या. मला हे कळलं ते रद्दीचं वजन बघून; ते वाढलं नव्हतं.

इथे एक वेगळीच गोष्ट आठवते. एका घाईच्या आठवड्यात मी सगळ्यांना म्हणाले, "आपण सगळे एका घरातल्यासारखे आहोत, एवढा वेळ काढून नेऊ." डिझायनर मुलगा मान वर न करता म्हणाला, "घरात ओव्हरटाइम नसतो, ताई." सगळे हसले. मी पण हसले आणि रात्री झोप लागली नाही. "आपली माणसं" हा शब्द माझ्या तोंडी नेहमी असतो आणि तो मनापासून असतो, पण त्याच्या आडोशानं मी कितीतरी तास फुकट घेतले होते. तेव्हापासून ओव्हरटाइम लिहिला जातो आणि पगाराबरोबरच मिळतो. बोलण्यातला मोकळेपणा वाढायला वहीपेक्षाही याचा उपयोग झाला असावा असा माझा संशय आहे. ज्याचे पैसे अडकलेत तो माणूस खरं कशाला बोलेल?

माणूस घेण्याची पद्धतही बदलली, त्यावर फार सांगण्यासारखं नाही. पूर्वी मी एकटी अर्धा तास बोलून ठरवायचे. आता उमेदवार दोन दिवस आमच्याबरोबर काम करतो, पगारी, आणि ज्यांच्या शेजारी तो बसणार त्यांना मी विचारते. एक फार हुशार डिझायनर याच पद्धतीत गळाला. त्याच्या फाइलीत ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी कडेबाहेर ठेवायची जास्तीची छपाई, सोडायचं राहिलं होतं, ते बाइंडरकाकांनी दाखवलं, तर म्हणाला, "तुम्ही फक्त कापा." मला तो अजूनही हवाहवासा वाटतो. पण नाही घेतला.

सगळ्यात शेवटी, आणि सगळ्यात अनिच्छेनं, मी निर्णय सोडले. माझ्या ऑपरेशनमुळे आठ दिवस मला फोनसुद्धा घेता येणार नव्हता, नाहीतर मी सोडले नसते. एका कागदावर लिहिलं: एवढ्या रकमेपर्यंत कामातली चूक सुधारायला, पुन्हा छापायला, ग्राहकाला सूट द्यायला कोणाची परवानगी नको. जो ते काम हाताळतोय त्यानं ठरवायचं, ऑफिसात सांगायचं, वहीत लिहायचं. त्याच्या वर गेलं तर तिघांनी मिळून. रक्कम ठरवताना मी आधी इतकी कमी लिहिली की ऑफिसातली मुलगी म्हणाली, "ताई, एवढ्यात तर एक प्लेटसुद्धा येत नाही." मग वाढवली.

आठ दिवसांनी आले तर वहीत एक नोंद होती. एका जुन्या ग्राहकाच्या लेटरहेडवर हिरवा रंग किंचित पिवळसर आला होता. मशीनमनचं आणि बाइंडरकाकांचं बोलणं झालं आणि त्यांनी सगळं काम पुन्हा छापलं. रक्कम मर्यादेत होती, जेमतेम. मी तो खराब म्हणून ठेवलेला गठ्ठा बघितला. फरक असा की शेजारी धरल्याशिवाय दिसू नये. मी असते तर तसंच पाठवलं असतं, फार तर थोडी सूट दिली असती. मी वहीत, त्याच नोंदीखाली, लिहिलं: "गरज नव्हती." सही केली. तो माझा हक्क.

दुसऱ्या दिवशी त्याखाली बाइंडरकाकांच्या बारीक अक्षरात एक ओळ होती: "ग्राहकाला विचारून बघा."

म्हणून मी फोन केला. लेटरहेड कशी वाटली, रंगात काही फरक जाणवला का? तो म्हणाला, "कसला फरक? नेहमीसारखीच तर आहेत."

मी बाइंडिंग टेबलापाशी जाऊन जरा विजयानंच सांगितलं, "बघा, त्याला काही दिसलंसुद्धा नाही."

काकांनी हातातली घडी पूर्ण केली. "दिसणार कसं, ताई? पुन्हा छापलेली गेली ना त्याच्याकडे."

यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. तो जुना गठ्ठा मी फेकलेला नाही. रफ कामाला वापरते, आणि हिरवा रंग मला अजूनही ठीकच दिसतो.